रेतीवरचे पानगे

माघ सरत आला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत ट्रॅक्टरच्या ट्राल्या रिकाम्या होतात. धानाचं चुरणं आटोपलेलं असतं, पोती विकली गेलेली असतात, लाखोळी-जवसाला अजून थोडा अवकाश असतो. मग त्याच ट्रालीत जाड तणीस अंथरलं जातं, त्यावर सतरंज्या, कडेला गोवऱ्यांचं पोतं, गंज, कोपर, सराटा, पाण्याचे गुंड. मार्कंड्याची जत्रा जवळ आलेली असते आणि घरातलं अर्धं स्वयंपाकघर प्रवासाला निघतं.

परदेशात लोक मोटारीच्या मागे चाकांवरचं घर ओढत नेतात आणि मन रमेल तिथे मुक्काम टाकतात. आपल्या शासनानंही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वाढल्या तर मला आनंदच होईल. फक्त त्यातून येणाऱ्यांना एक मनापासून सांगायचं आहे. चाकांवर संसार घेऊन मुक्काम करायची रीत आमच्याकडे बंडी आणि रेंगी या बैलगाड्यांच्या काळापासून आहे, आणि त्या मुक्कामाचं एक स्वतंत्र जेवणही आहे. शहरातून आणलेली पाकिटं उकळत्या पाण्यात सोडण्याआधी ते जेवण एकदा खाऊन बघा. त्यासाठी घरून पीठ, मीठ, तिखट आणि तेल आणलं तरी पुरे. बाकीचं इथला बाजार आणि तो महिना देतो.

मार्कंडादेव हे चामोर्शी तालुक्यातलं वैनगंगेच्या काठावरचं देवस्थान. दक्षिणेकडे वाहणारी नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून या जागेचं महत्त्व मोठं. कोरीव दगडी मंदिरांमुळे याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून माणसं येतात आणि नदीच्या रेतीत मुक्काम पडतात. पहिला दिवस उपवासाचा. भगर, फल्लीदाण्यांची आमटी, आहारात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेली रताळी आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. हा शिंगाडा मुंबई-पुण्याच्या वाण्याकडून आलेला नसतो. आमच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजाची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो लावतात आणि काढतात. ताजा शिंगाडा दिवाळीच्या सुमारास उकडून विकायला येतो, उरलेला वाळवून त्याचं पीठ होतं. गुळाचा, जरा काळपट दिसणारा तो शिरा थंडगार पहाटे खाल्ला की रात्रभराचं जागरण अंगाला लागत नाही.

खरं जेवण दुसऱ्या दिवशी, पारण्याचं. त्या दिवशी रेतीवर पानगे होतात.

पानग्याला कणीक जाडसर लागते. चक्कीवाल्याला तसं सांगून दळून आणायची. मीठ, थोडा ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायची. पोळी लाटायची, तेल लावून घडी घालायची, पुन्हा लाटायची आणि शेवटी तळहाताएवढा जाड गोल थापायचा. खाली-वर पळसाची पानं. इथे एक अडचण असते. महाशिवरात्रीच्या सुमाराला पळस पानं टाकून फुलायला लागलेला असतो, डोळे दिपतील असा केशरी. झाडावर हाताशी धड पान नसतं. म्हणून जाणती घरं आधीच पानं तोडून, गठ्ठा बांधून, ओट्यावर सावलीत ठेवतात. निघताना तो गठ्ठा ट्रालीत टाकायचा आणि भाजायच्या आधी थोडा वेळ पाण्यात भिजवायचा.

गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि जाळ पूर्ण बसू द्यायचा. घाई केली की पानगा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. आहार लालबुंद झाला की पानात गुंडाळलेले पानगे त्यावर मांडायचे, वरून आणखी पेटत्या गोवऱ्या ठेवायच्या आणि झाकून टाकायचं. पान आधी हिरवट धूर सोडतं, मग काळं पडतं आणि शेवटी जळून सुटतं. पानगा बाहेर काढून फडक्यानं राख झटकली की कणकेवर पळसाच्या पानाच्या शिरा न् शिरा उमटलेल्या दिसतात. तो हातानं फोडायचा, सुरी लावायची नाही. आतून वाफ येते, पापुद्रे मोकळे होतात, त्यात तूप सोडायचं. पान आणि गोवरीचा मिळून जो वास लागतो तो घरच्या गॅसवर, तव्यावर, ओव्हनमध्ये कशानंही येत नाही. मी करून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

रोडगे हे याचंच भावंड. त्यात पान नसतं. कणकेचे थर एकात एक घालून गोळा वळतात आणि सरळ आहारात भाजतात. आमच्याकडे मारुतीला रोडग्यांचा नवस बोलतात आणि शेतातल्या त्या जेवणाला गडीमाणसं स्वतः कणीक तिंबतात, विस्तव सांभाळतात. पाहुणे म्हणून बायका पंगतीला आधी बसल्या आहेत, हे दृश्य मला फार आवडतं.

पानग्यासोबत वांगं लागतंच. तेही सोले-वांगं असलं तर दुसरं काही मागू नये. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. थंडी सरता सरता ते बाजारातून जायला लागतात, म्हणून मिळाले की दोन पायल्या जास्त घ्यावेत. गंजात तेल, लसूण, मिरची, सोले थोडे ठेचून परतायचे, त्यात वांग्याच्या फोडी, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. रस्सा पातळ ठेवायचा, कारण पानगा तो पिऊन घेतो. शेजारी तुरीचं घोटलेलं वरण आणि भात. भाताचं पाणी पूर्वी नदीतूनच यायचं. रेतीत हातभर उकरलं की झिरा लागतो. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, थोडं थांबायचं, मग रेतीतून गाळून आलेलं नितळ पाणी भरायचं. आता वरच्या गावांचं सांडपाणी नदीत मिसळतं, त्यामुळे पिण्याचं पाणी सोबतच न्यावं. झिऱ्याचं पाणी मात्र मुलांना उकरून दाखवावं.

भाताचा विषय निघाला आहे तर एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. छोट्या शेतकऱ्याचं घर, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेहमीपेक्षा वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि त्यातून आला बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. त्यांनी पुढे आणखी वाण काढले. एचएमटी देशभर पसरला, व्यापारी मोठे झाले, दादाजींच्या घरी त्यातलं फारसं काही आलं नाही. ३ जून २०१८ ला ते गेले. मुक्कामाच्या चुलीवर हा तांदूळ लवकर शिजतो, मऊ होतो आणि नुसत्या वरणासोबत गोड लागतो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रम्हपुरी, सगळीकडे मिळतो. इकडे याल तर दहा किलो घ्या, आणि कुणाच्या हातून हा दाणा आला ते घरी मुलांना सांगा.

वाटेत खायचं वेगळं. ट्रालीत हिंदकळत जाताना ताट मांडता येत नाही. त्यासाठी मुरमुरे, फल्लीदाणे, गूळ, दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि जवसाची चटणी. जवस खमंग भाजायचं, तडतडलं की उतरवायचं, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं. कोरड्या डब्यात ही चटणी कित्येक दिवस टिकते. वर कच्चं तेल टाकलं की शिळी दशमीही जाते. एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही हल्ली पाव आणि जॅमच्या मागे ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

दक्षिणेला उतरलं की ताट बदलतं. आलापल्ली, अहेरी ओलांडून सिरोंच्याकडे जाताना मराठीत तेलुगू मिसळू लागते आणि जेवणात चिंच. तिथल्या घरांत प्रवासाला निघताना पुलिहोरा करतात. मोकळा भात, चिंचेचा कोळ, हळद, सुक्या मिरचीची आणि दाण्यांची फोडणी. चिंचेमुळे तो उन्हातही सकाळपासून रात्रीपर्यंत टिकतो. एप्रिल २०२२ मध्ये सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला, तेव्हा भर उन्हाळा होता. अशा उन्हात दुधाचा, खव्याचा पदार्थ सोबत ठेवणं धोक्याचं. पुलिहोऱ्याचं शहाणपण अशा वेळी कळतं.

भामरागड, एटापल्लीकडची माडिया माणसं तर याहूनही हलकं सामान घेऊन चालतात. वाळवून पोखरलेल्या दुधीचा तुंबा खांद्याला, आणि त्यात आंबील. तांदळाच्या कण्यांची किंवा नाचणीची पातळ पेज, किंचित आंबलेली. तुंब्यात ती गार राहते. तहानही भागते आणि पोटही भरतं. बाटलीबंद रंगीत पाण्यावर पैसे घालणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा ही आंबील प्यावी. त्याच दिवसांत जंगलाकाठच्या आठवडी बाजारात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, येतात, चाराची आंबटगोड फळं येतात, वाळलेलं मोहफूल असतं. मोहफूल म्हटलं की लोकांना दारूच आठवते. पण ते उकडून, भाजलेल्या तिळासोबत खाणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि टंचाईच्या दिवसांत त्याच फुलानं त्यांना जगवलं आहे. ही फळं-फुलं बाजारातून विकत घ्या, रानात शिरून तोडू नका. ज्या बाईनं ती पहाटे उठून वेचली, तिचे ते हक्काचे पैसे आहेत.

चैत्रात चंद्रपूरला महाकालीची जत्रा. नांदेड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, यवतमाळकडून, तेलंगणातून भाविक येतात आणि झरपट नदीच्या आसपास चुली पेटतात. तिथे ज्वारीची भाकर आणि झणझणीत चून, म्हणजे पिठलं, जास्त. एकाच मैदानात चार प्रांतांचा स्वयंपाक शिजताना पाहायचा असेल तर या जत्रेत एक संध्याकाळ काढावी. कुणाच्याही चुलीपाशी उभं राहिलं की "बसा, दोन घास खा" असं ऐकू येतं.

आता थोडं कठीण बोलायला हवं. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो, आणि आमच्या दोन्ही जत्रा नेमक्या त्याच काळात येतात. पानगळीचा जाड थर पडलेल्या सागवनात पेटती गोवरी राहिली तर गावची गावं रात्रभर आग झोडपत बसतात. म्हणून चूल रेतीवर, मोकळ्या जागी आणि जिथे परवानगी आहे तिथेच. जंगलात, रस्त्याच्या कडेला, ताडोब्याच्या आसपास कुठेही गाडी थांबवून चूल मांडायची नाही. हे वाघाचं घर आहे. मोहफूल वेचायला, तेंदूपान तोडायला गेलेली आमची माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जातात. आपली हौस म्हणून आपण तिथे अन्नाचा वास पसरवायचा आणि अस्वलाला, वाघाला माणसाच्या मुक्कामाची सवय लावायची, याची किंमत नंतर तिथल्या गावकऱ्यांनी मोजायची, हे बरोबर नाही.

आणि ट्राली. ती धान वाहण्यासाठी आहे. तणसाच्या गादीवर गाणी म्हणत जाण्याची मजा मला ठाऊक आहे, पण ट्राली उलटून घरंच्या घरं उजाडल्याच्या बातम्याही आपण दरवर्षी वाचतो. ट्रालीत सामान जाऊ द्या, आणि माणसं एसटीनं. जत्रेसाठी जादा गाड्या सुटतात. काठावर पोचल्यावर चूल एकच पेटणार आहे.

हल्ली पुष्कळ लोक दुचाकीवर येतात, दर्शन घेतात, दुकानातला आलूबोंडा खाऊन संध्याकाळी घरी परततात. मुक्काम कमी होत चालले आहेत, आणि मुक्काम गेला की पानगाही जाणार, कारण तो एकट्या माणसाचा पदार्थ नाही. त्याला कणीक तिंबायला एक, विस्तव सांभाळायला दुसरा आणि वांगी चिरायला तिसरा लागतो. हॉटेलांच्या ताटातही आता पानगे-रोडगे मिळतात, चांगलेच असतात, पण रात्रीची थंडी, नदी आणि शेजारच्या चुलीवरून आलेली वाटीभर भाजी त्या ताटात येत नाही.

येत्या महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाणार असाल तर एक रात्र थांबा आणि पारणं करूनच निघा. गोवऱ्या घरून न्या, झाड तोडू नका. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी त्या नदीत तरंगताना दिसतात. तुम्ही पळसाच्या पत्रावळी घ्या, चामोर्शीच्या बाजारात विकायला बसलेल्या बायकांकडून. निघताना आहारावर दोन गुंड पाणी ओता, राख हातानं चाचपून पाहा, आणि मगच गाडीत बसा.