अलीशा झऱ्यापाशी गेला



यरीहोची माणसं अलीशाकडे आली, तेव्हा त्यांनी आपलं गाव छान आहे हे आधी सांगितलं आणि मग मनातलं दुखणं सांगितलं. पाणी वाईट आहे, जमीन फळ धरत नाही. हा प्रसंग २ राजे, अध्याय २, ओवी १९ ते २२ मध्ये आहे. चारच ओव्या, त्यामुळे आपण त्या पटकन ओलांडून पुढे जातो. अलीशाने नवं भांडं मागितलं, त्यात मीठ घालायला सांगितलं आणि तो उठून जिथून पाणी निघत होतं तिथे गेला. घरोघरी जाऊन आजाऱ्यांवर हात ठेवले असं तिथे लिहिलेलं नाही. तो झऱ्यापाशी गेला.

ही गोष्ट मी धर्मशिक्षणाच्या वर्गात बरीच वर्षं सांगत आले आहे, पण तिचा खरा अर्थ मला कुकटपल्लीला राहायला आल्यावर लागला. कारण इथून शंभरेक किलोमीटरवर नलगोंडा आहे.

नलगोंडा जिल्ह्यातल्या मर्रीगुडा, मुनुगोडे या भागांत पिढ्यान् पिढ्या मुलांची हाडं पाण्याने बिघडली. तिथल्या खडकात फ्लोराइड आहे. ते पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. पुढे हाडांची पाळी येते. फ्लोराइड हाडाच्या घडणीत शिरून बसतं, आणि ज्याचं हाड अजून वाढतं आहे अशा मुलाच्या अंगात ते मोठ्या माणसापेक्षा जास्त प्रमाणात साठतं. सांधे आखडतात, पाठ वाकत नाही. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर पायाची हाडं भार न सोसून वाकतात. गुडघे एकमेकांना घासतात आणि पावलं दूर जातात.

याच आपल्या हैदराबादमध्ये, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी या दोघा संशोधकांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नलगोंड्याच्या भागातल्या या वाकलेल्या गुडघ्यांविषयी लिहिलं. त्याआधी, १९३७ सालीच, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून या रोगाची नोंद झाली होती. म्हणजे कारण ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मागच्या वर्षी वर्गात योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय चालू होता. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं. प्रभू येशू दोन्ही नाकारतो. दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील आपल्या मराठवाड्याचे, आई मर्रीगुड्याकडची. तो म्हणाला, “टीचर, आजीच्या गावात तर खूप लोकांचे पाय वाकडे आहेत. मग सगळ्यांचंच कसं पाप असेल?” मी त्याला म्हटलं, बाळा, शिष्यांनी तुझ्याएवढा विचार केला असता तर तो प्रश्न त्यांनी विचारलाच नसता.

पण तो प्रश्न आपल्या बाकांवर अजून विचारला जातो. मूल वाकड्या पायाचं निघालं की आईला ऐकावं लागतं. ग्रहणात बाहेर गेली असशील, उपास नीट केला नसशील, नवस राहिला असेल. ख्रिस्ती घरांतही हे बोललं जातं, फक्त शब्द बदलतात: ‘विश्वास कमी पडला’. मला हे वाक्य सर्वांत निर्दय वाटतं. ज्या आईने रोज तीन हंडे डोक्यावरून वाहून मुलाला पाणी पाजलं, तिच्या विश्वासाचं माप आपण काढायचं? दोष हंड्यातल्या पाण्यात होता, आणि ते तपासून सांगणं तिच्या हातात नव्हतं.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे आरोग्यदानाच्या सभा. अशा एका सभेत मी स्वतः पाहिलं आहे. गुडघे आत वळलेल्या मुलीला मंचावर चालायला लावलं, ती चार पावलं चालली, टाळ्या झाल्या. ती आधीही तशीच चालत होती. देव बरं करू शकतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर असली टाळी घेतलेली मला सहन होत नाही. सभा संपल्यावर ती मुलगी त्याच गावी गेली असेल आणि घरी पोचून तहान लागली म्हणून त्याच बोअरचं पाणी प्यायली असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. हाडात मुरलेलं फ्लोराइड काढून टाकणारं औषध नाही. वाकलेला पाय शस्त्रक्रियेने काही वेळा सरळ करता येतो, दुखणं कमी करता येतं, दूध, नाचणी, पालेभाज्या, आवळा-पेरूसारखी फळं यांनी शरीराला मदत होते. पण या रोगातून मुलाला वाचवायचं ते मूल आजारी पडण्याआधी, पाण्यापाशी. म्हणून या आजारापुरती तरी मंडळीने आपली करुणा झऱ्यापाशी नेली पाहिजे. पाणी न तपासता फक्त आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत राहणं ही मला अर्धवट प्रार्थना वाटते.

कोणी म्हणेल, पाणीपुरवठा हे सरकारचं काम, चर्चचं नाही. सरकारने केलंही आहे, ते नाकारू नये. तेलंगणात मिशन भगीरथमधून नद्यांचं शुद्ध केलेलं पाणी नळाने गावोगाव गेलं. २०२० पर्यंत राज्यात फ्लोराइडग्रस्त वस्ती उरली नाही असं सरकारी नोंदी सांगतात. पण हे आपोआप झालेलं नाही. मर्रीगुडा मंडळातल्या शिवन्नगुडेमचे अंशला स्वामी यांचं नाव इथल्या लोकांना माहीत आहे. लहानपणापासून फ्लोरोसिसने त्यांचे हातपाय वाकले, उंची मुलाएवढीच राहिली. वाजपेयी पंतप्रधान असताना कार्यकर्त्यांनी त्यांना दिल्लीला नेलं आणि पंतप्रधानांसमोर टेबलावर ठेवलं. हे वाचलं की मला छप्पर उसकटून पक्षाघाती मित्राला प्रभूसमोर खाली सोडणारे ते चौघे आठवतात. स्वामी जानेवारी २०२३ मध्ये वारले. नळ आला, पण त्यांचं शरीर परत सरळ होणार नव्हतं.

आता चर्चचं काम आहे की नाही, याबद्दल आपल्याच इतिहासातली एक गोष्ट. हातपंप आपण सगळ्यांनी पाहिला आहे, लहानपणी त्याच्या दांड्याला लोंबकळलोही आहोत. सुरुवातीचे बिडाचे पंप गावाच्या वापराने भराभर मोडायचे. तेव्हा जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून मजबूत पंप घडवले गेले. त्यांना जालना पंप आणि सोलापूर पंप असंच म्हणत. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने जो ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि देशभर, पुढे आफ्रिकेतही गेला, त्याचं मूळ या सोलापूर पंपात आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना या पंपाचं मोल सांगायला नको. उघड्या डबक्यांच्या पाण्याने जुलाब होऊन मुलं मरत होती, ती या पंपांमुळे वाचली. ख्रिस्ती माणसांनी तहानलेल्याला पाणी दिलं, अगदी मत्तयाच्या दहाव्या अध्यायातल्या प्याल्यासारखं.

मात्र खोल खडकातल्या पाण्यात जंतू कमी असतात, तसं काही भागांत फ्लोराइड जास्त असतं. त्या काळी जंतूंची भीती होती, तीच खरी निकडीची होती, आणि बोअर मारताना फ्लोराइड पाहण्याची पद्धत नव्हती. यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. पण ज्या घराण्याने पंप दिला, त्या घराण्याच्या नातवंडांनी त्या पंपाचं पाणी तपासून पाहायला काय हरकत आहे? उलट मला तर तो आपला वारसाच वाटतो.

आणि हे नलगोंड्यापुरतं नाही. आपल्यातले बरेच जण नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, बीडकडून इथे कामाला आलेले. यातल्या नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे हे शासनालाही ठाऊक आहे. किनवट, पांढरकवडा या बाजूचे लोक हे वाचताना मान डोलावत असतील. आपण कुकटपल्लीत नळाचं पाणी पितो ते मांजरा आणि गोदावरीचं. मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वराला. म्हणजे गाव सोडून शहरात आलेल्या आपल्याला मागून गावाकडची नदीच पाणी पाजायला आली आहे, आणि गावी राहिलेला आपला भाऊ मात्र बोअरचं पितो आहे. (उन्हाळ्यात हाउसिंग बोर्डाच्या गल्ल्यांतून टँकर फिरायला लागले की आपणही बोअरचंच पितो, पण कोणत्या बोअरचं हे कोणी विचारत नाही. हैदराबादच्या खालीही ग्रॅनाइटच आहे.)

उपायात मराठी मातीचा हातभार आहे हेही सांगायला हवं. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली आणि तिला नाव दिलं ‘नलगोंडा पद्धत’. पाण्यात चुना आणि तुरटी मोजून घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. ही पद्धत टांझानियापर्यंत गेली. भांडं, पांढरी पूड, वाईट पाणी: मला दर वेळी अलीशाचं मीठ आठवतं. अर्थात इथे चमत्कार नाही. किती तुरटी घालायची ते पाण्यागणिक बदलतं, रोज न चुकता करावं लागतं, उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. म्हणूनच बऱ्याच गावांत ती सुरू झाली आणि बंद पडली. ज्या गावी नदीचं पाणी येऊ शकतं, तिथे त्यासाठी भांडणं हेच उत्तम, असं माझं मत आहे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, कारण रविवारी हेच प्रश्न विचारले जातात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. फडक्याने किंवा साध्या मेणबत्ती-फिल्टरनेही ते जात नाही. दुसरं, मुलाचे गुडघे आत वळलेले दिसले म्हणून लगेच घाबरू नका. तीन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांचे गुडघे तसे असतातच आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे सरळ होतात. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पाय वाकतात आणि त्यावर चांगला उपचार आहे. पण एकच पाय वाकडा असेल, वाकडेपण वाढत असेल, मूल दुखतं म्हणत असेल, किंवा सात वर्षांनंतरही तसंच असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि आपण कुठल्या गावचं, कुठलं पाणी पितो हे न विचारताही सांगायचं. तपासण्याची खोली ही जागा लाजण्याची नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे. त्यावर आपण परिसंवाद केले, झाडंही लावली. या उपवासकाळात त्याहून साधी गोष्ट करू या, असं मी पॅरिश कौन्सिलपुढे मांडलं आहे. उपवासकाळाच्या दानपेटीतला एक भाग पाणी तपासणीला. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावागावांतल्या महिलांना जागेवर पाणी तपासायचे संच वापरायला शिकवलं आहे. तुमच्या गावात तो संच कोणाकडे आहे आणि शेवटचा कधी उघडला, एवढं विचारून आलात तरी काम सुरू झालं.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली न्यावी. काचेची नको. ज्या बोअरचं पाणी घ्यायचं, त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची, साबण लावायचा नाही. पंप आधी थोडा वेळ चालू द्यायचा, मग भरायची. बाटलीवर गाव, बोअरची जागा आणि तारीख लिहायची. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या बोअरपासून सुरुवात करा. नावं मी वर्गाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेते आहे. आतापर्यंत सात झाली, त्यात तो दहा वर्षांचा मुलगाही आहे. आजीच्या गावात आता नळ आला आहे, पण तो म्हणतो शाळेतला पंप अजून चालू आहे.