एका गुडघ्यावर ८५ वर्षं

कयाक आणि कनू यांत फरक काय, असं कुणाला विचारलं तर 'दोन्ही होड्याच ना?' असं उत्तर मिळतं. तारकर्लीला ट्रिपला गेल्यावर भाड्याने मिळते ती जाड प्लास्टिकची होडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

कयाकमध्ये पाय समोर पसरून बसायचं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, ते डावं-उजवं असं मारत जायचं आणि दिशा द्यायला पायाशी सुकाणू. कनूमध्ये एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा, वल्ह्याला एकच पातं आणि शर्यत संपेपर्यंत ते एकाच बाजूने मारायचं. सुकाणू नाहीच! मग होडी गोल का फिरत नाही? कारण प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं किंचित वळवून तिला पुन्हा सरळ करावं लागतं. (मेकॅनिक्समध्ये केटी लागलेल्यांनी इथे मोमेंट बॅलन्स आठवावा. तोही धापा टाकत, सेकंदाला एकदा.) एकट्याची शर्यतीची होडी लांबीला जास्तीत जास्त ५.२ मीटर, वजन फक्त १४ किलो, आणि इतकी अरुंद की नवखा माणूस बसता बसता पाण्यात.

या खेळाच्या स्प्रिंट शर्यती ऑलिम्पिकमध्ये १९३६ साली बर्लिनला सुरू झाल्या. पुरुषांसाठी कयाकही आणि कनूही. बायकांना १९४८ मध्ये लंडनला कयाक मिळाली, एकच शर्यत, ५०० मीटरची. कनू मात्र मिळाली ती थेट टोकियोत, म्हणजे २०२१ मध्ये. ८५ वर्षं!

या ८५ वर्षांची कारणं वाचली की हसावं की रडावं कळत नाही. मुलींना सांगितलं जायचं, एकाच बाजूने वल्हवलं की शरीर वाकडं होतं, पुढे मूल व्हायला अडचण येते. पुरुषांची शरीरं वाकडी झाली तर चालत असावीत, कारण त्यांना कुणी अडवलं नाही. दुसरीकडे जर्मनीच्या बिर्गिट फिशरकडे बघा. १९८० मध्ये मॉस्कोला १८ व्या वर्षी कयाकमध्ये सुवर्ण, २००४ मध्ये अथेन्सला ४२ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण, मधल्या काळात दोन मुलं. एकूण ८ सुवर्ण आणि ४ रौप्य, तेही १९८४ चं ऑलिम्पिक बहिष्कारामुळे हुकलेलं असताना. 'नाजूक शरीर' म्हणतात ते हेच का?

शरीराचं कारण जुनं झालं तेव्हा नवीन आलं : बायकांच्या कनूत पुरेसे देश खेळत नाहीत, मग ऑलिम्पिकमध्ये कशी घेणार? हे मला जास्त धोकादायक वाटतं, कारण ऐकायला ते एकदम लॉजिकल वाटतं. पण जी शर्यत ऑलिम्पिकमध्ये नाही तिच्यासाठी कुठलं सरकार पैसे देणार, कुठला कोच वेळ देणार? आणि पैसे नाहीत, कोच नाही, तर देश वाढणार कसे? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा हा नियम.

यात एखादीचं काय होतं, ते कॅनडाच्या लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंटवरून कळतं. जागतिक स्पर्धेत बायकांच्या कनूला पदकं पहिल्यांदा २०१० मध्ये, पोलंडच्या पोझ्नान शहरात मिळाली. तिथे २०० मीटर तिने जिंकली, वय १८. नंतरही ती जिंकतच राहिली. पण २०१२ चं लंडन आणि २०१६ चं रिओ तिने फक्त बघितलं, कारण तिची शर्यतच तिथे नव्हती! २०१९ मध्ये डोपिंगच्या प्रकरणात अडकली, २०२० च्या जानेवारीत निर्दोष ठरली. शेवटी टोकियोला पोचली तेव्हा ती २९ वर्षांची होती. तिथे सुवर्ण मिळालं अमेरिकेच्या १९ वर्षांच्या नेव्हिन हॅरिसनला, आणि हिला रौप्य. शिवाय दोघींच्या कनूत ब्राँझ. रौप्य काही कमी नाही, पण विशी-पंचविशीतली तिची ती दोन ऑलिम्पिकं कुणी परत देणार आहे का?

आणि दर्जाचं म्हणाल तर २०२४ ची पॅरिसची २०० मीटर फायनल बघाच. कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२ सेकंद, हॅरिसन ४४.१३. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, सरासरी वेग सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे फरक साधारण साडेचार सेंटिमीटर. आपल्या ड्रॉइंगच्या खोडरबराएवढा.

आता दुसरी बाजू, कारण ती बॉइज हॉस्टेलमधून येणारच. टोकियोत बायकांच्या शर्यती ४ वरून ६ झाल्या तेव्हा पुरुषांच्या ८ वरून ६ वर आल्या. पुरुषांची कनूची २०० मीटर गेली, दोघांच्या कयाकची २०० मीटर गेली. युक्रेनच्या युरी चेबनने लंडन आणि रिओ दोन्हीकडे जिंकलेली शर्यतच यादीतून गायब. त्या शर्यतीसाठी वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या मुलांवर हा अन्यायच, आणि मी तो नाकारणार नाही. एकूण खेळाडूंचा आकडा वरून ठरलेला असला की एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं लागतं. पण याचा राग आकडा ठरवणाऱ्यांवर काढावा, होडीत नुकत्याच बसलेल्या मुलीवर नाही. आणि समानता म्हणाल तर पॅरिसमध्येही एकट्याची कनू पुरुषांना १००० मीटर होती, बायकांना २००. म्हणजे अजून ८०० मीटर बाकी आहेत!

आपल्याकडे हा खेळ आहे का? आहे, थोडा. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी दोघांच्या कनूत १००० मीटरला ब्राँझ आणलं. त्याआधीचं पदक १९९४ चं. भोपाळच्या तलावावर सराव करणारी प्राची यादव टोकियो पॅरालिम्पिकमध्ये फायनलला पोचून आठवी आली, आणि २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण जिंकली. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होतं? मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत नव्हतं.

हे सगळं कॉलेजच्या मासिकात का? कारण 'पुरेशा एंट्रीज येत नाहीत' हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, आणि तेही होडीबद्दल नाही. आपल्या स्पोर्ट्स वीकमध्ये मुलांना १५०० मीटर असते, मुलींची सगळ्यात लांब शर्यत ४०० ची. मागच्या वर्षी विचारलं तर उत्तर मिळालं, 'एंट्रीज कुठे येतात?' शर्यतच नाही तर एंट्री कशात टाकणार? दुसरं उत्तर होतं, 'उन्हात चक्कर आली तर जबाबदारी कुणाची?' ऊन मुलांनाही तेवढंच लागतं ना, सर? (आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स तर आम्हाला ग्राऊंडला दहा चकरा मारायला लावायच्या, शिक्षा म्हणून. तेव्हा चकरेची काळजी कुणाला नव्हती!)

आणि इथे मुलांचं काहीही काढायचं नाहीये. ग्राऊंड तेच, चुना तोच, स्टॉपवॉच तेच. लागतील ती जास्तीची दहा मिनिटं, आणि बक्षीस समारंभात एक जास्तीचं सर्टिफिकेट.

लेडीज हॉस्टेलच्या मेसबाहेर नोटीस बोर्डावर एक कागद लावलाय. आज सकाळपर्यंत त्यावर ११ नावं झाली आहेत, त्यातली तीन फर्स्ट इयरची. स्पोर्ट्स सेक्रेटरींनी तो कागद स्पोर्ट्स वीकची फायनल लिस्ट लागायच्या आत घेऊन जावा. टाचण्या आमच्याच आहेत, तेवढ्या परत द्याव्यात.