काचपेटींतील सोबत

वारज्यास एका स्नेह्यांकडे गेलों असतां दिवाणखान्यांत एक वाटोळें काचपात्र दिसलें. आंत दोन झेब्रा डॅनिओ, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. नातवाच्या वाढदिवसाला आणलेले. एक तळाशीं दबून होता. दुसरा त्याला सारखा हुसकावून लावी. "हे खातच नाहींत हो," वहिनी म्हणाल्या. आजींचा विचार तर ठरलाच होता: मुठेंत सोडावे, पुण्यही लागेल. नातू तोंड पाडून बसलेला. जन्मांत मत्स्याहार न केलेल्या त्या घरांत माशांसाठीं एवढी तळमळ पाहून आम्हांस कौतुकच वाटलें.

खरा रोग एकलेपणाचा होता. हा मासा आपल्याच देशांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. थव्यानें राहणें हेंच त्याचें संरक्षण. शेजाऱ्याची हालचाल डोळ्यांना दिसते, पाण्याचा कंप अंगावरील पार्श्वरेषेला कळतो. शत्रु आला कीं सगळे एकदम वळतात, आणि नेमका कोणता धरावा हें त्याला उमगत नाहीं. दोघेच असले म्हणजे भित्रा अधिक भितो आणि दांडग्याचा सारा राग त्या एकट्यावर निघतो. आठ असले तर तो वांटला जातो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक फोडून सांगावयास नको.

आम्हीं ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी सुचविली. काठोकाठ ५४ लिटर पाण्याची. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतो, सबब तें पाणी बादलींत एक दिवस उघडें ठेवावें. परंतु खरी नडते ती घाई. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया विषारी असतो. तो पचविणारे जंतु गाळणींत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तत्पूर्वीं मासे एकदम वाढविले तर ते मरतात, आणि लोक म्हणतात, "आम्हांला मासे लाभत नाहींत." दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावें, सगळें कधींच नव्हे.

नदीची गोष्ट मात्र आम्हीं साफ नाकारली. दुकानांतले मासे रोग बरोबर नेतात, आणि मुठेचे मूळ रहिवासी आधींच बेजार आहेत. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें तेव्हां एका वंशाला 'रोहटी' हें इथलें मराठी नांवच दिलें होतें. हें ऐकून आजींनीं आपला हट्ट सोडला.

पेटी आली आहे. दोघे तींत आहेत. बाकीच्या सहांसाठीं नातवानें दिनदर्शिकेवर सहाव्या आठवड्यांतला रविवार पेन्सिलीनें घेरून त्या चौकोनांत सहा मासे काढून ठेवले आहेत.