पालकत्व घेतलेत, आता जाब द्या!

सहा वर्षांचे पोर आईपासून दूर न्यायचे, डोंगरातल्या एखाद्या इमारतीत ठेवायचे, त्याच्या खाण्यापिण्याची, निजण्याची, शिकण्याची आणि दुखण्याखुपण्याची हमी आईबापांना द्यायची आणि पुढे त्याच आईबापांच्या पदरी त्याचे मरण टाकायचे, हे महाराष्ट्र सरकारच्या कारभारात हजारावर वेळा घडले आहे. ही भाषा ज्यांना जहाल वाटेल त्यांनी सरकारदरबारचेच कागद वाचावेत. आदिवासी आश्रमशाळांतील मृत्यूंचा शोध घेण्यासाठी राज्यपालांनी २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली. पंधरा वर्षांत एक हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे या समितीच्या अहवालातून पुढे आले. तेवढा काळ राज्यात कुठे लढाई पेटली नव्हती. ही मुले सरकारच्या पटावर होती, सरकारच्या छपराखाली झोपत होती आणि सरकारच्या भरवशावर होती. मुंबई-पुण्याच्या एखाद्या नामांकित निवासी शाळेत एका वर्षात अशी दोन मुले गेली असती तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडले असते आणि संचालक तुरुंगात गेले असते. इथे एक हजार मुले गेली आणि कोणाची झोपही मोडली नाही!

त्याहून भयंकर म्हणजे मेलेल्या मुलांचा धड हिशेबही या राज्याला देता आलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेत दहा वर्षांतील ७९३ मृत्यूंचा आकडा आला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये राज्याला नोटीस काढली, तेव्हा दहा वर्षांत सुमारे ७४० मुले गेल्याचे नमूद होते. समितीचा आकडा आणखी वेगळा, तोही पंधरा वर्षांचा. शासकीय किती, अनुदानित किती, घरी नेल्यावर किती, दवाखान्याच्या वाटेवर किती, अशी फोड करीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की गोदामातल्या गव्हाच्या पोत्यांची नोंद तुम्ही याहून काटेकोर ठेवता. ज्या आदिवासी विकास खात्याला आपल्याच ताब्यातली किती मुले मेली हे एका आकड्यात सांगता येत नाही, त्या खात्याने ती जिवंत असतानाही मोजली नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

ही मुले मेली तरी कशाने? आयोगाच्या नोटिशीतील कारणे वाचताना कोणत्याही आईच्या काळजाचे पाणी होईल. सर्पदंश, विंचूदंश, ताप आणि किरकोळ आजार! यातल्या कोणत्याही कारणाला आज मरणाचे कारण म्हणण्याची लाज वाटली पाहिजे. साप मुलाला डसतो, कारण मूल पावसाळ्यात फरशीवर झोपते. ते फरशीवर झोपते, कारण कित्येक आश्रमशाळांत दिवसाचा वर्ग हीच रात्रीची झोपण्याची खोली असते आणि तिथे पलंग मांडायला जागाच नसते. विंचू दिसत नाही, कारण दिवा नसतो. ताप डोक्यात जातो, कारण रात्री अंगाला हात लावून पाहणारे माणूस तिथे नसते. अधीक्षकाचे पद रिकामे किंवा अधीक्षक तालुक्याला मुक्कामाला, परिचारिका नाही, गाडी नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र घाटापलीकडे आणि तिथला डॉक्टर रजेवर. या साखळीची प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या कार्यालयातल्या टेबलावर अडलेली आहे. त्यामुळे नशिबाच्या माथी हे मारता येणार नाही. पलंग मंजूर न करणाऱ्या, पद न भरणाऱ्या, निविदा दाबून ठेवणाऱ्या माणसांना नावे आहेत, हुद्दे आहेत आणि निवृत्तिवेतनही आहे.

आश्रमशाळेत नियमांना तोटा नाही. पहाटे घंटा झाली की उठायचे, थंडीवाऱ्यात हातपंपावर नाहीतर ओढ्यावर अंघोळ करायची, प्रार्थनेला रांगेत उभे राहायचे, ताट आपले आपण घासायचे, अंगण झाडायचे, परवानगीशिवाय आवाराबाहेर जायचे नाही. अनेक ठिकाणी स्वयंपाक्याला घरी जायचे असते म्हणून संध्याकाळचे जेवण दिवस मावळायच्या आत उरकते आणि वाढत्या वयाची पोरे सकाळपर्यंत उपाशी राहतात. मूल घरच्या ओढीने पळाले की त्याचे नाव कमी करण्याची धमकी आहे. उशिरा आले तर छडी आहे. कायद्याने छडी केव्हाच बंद केली, हे तिथे कोणी मुलांना सांगत नाही. हे सगळे नियम कोणासाठी? ज्याला मत नाही, पैसा नाही, ज्याची भाषाही गुरुजींना कळत नाही, त्याच्यासाठी! महिनोन्‌महिने शाळेची पायरी न चढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कोणत्या पटावरून कमी झाले? स्वेटर थंडी सरल्यावर पोहोचवणाऱ्या पुरवठादाराला कोणी उन्हात उभे केले? ज्या घरात शिस्त फक्त धाकट्यांसाठी असते, तिथे शिस्तीचे नाव घेऊन जुलूम चालतो.

मुलींच्या वाट्याला आलेला जुलूम तर लिहितानाही संताप आवरत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत लहानग्या मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले आणि महाराष्ट्र काही दिवस हादरला. काही दिवसच! जिथे मुली राहतात तिथे स्त्री अधीक्षिका हवी, न्हाणीघराला दार हवे, शौचालय निजण्याच्या खोलीला लागून हवे आणि कुंपणाची भिंत धड हवी, हे कळण्यासाठी कोणत्याही समितीची गरज नव्हती. ते न देता मुलींवरच संशय घेण्याची मजल गेली आहे. सुट्टीवरून परतलेल्या मुलींना गर्भचाचणी करायला लावल्याच्या तक्रारी पुणे जिल्ह्यातील आदिवासी वसतिगृहांतून आल्या. रक्षणाची जबाबदारी ज्याची, त्याने स्वतःची चौकशी टाळायची आणि तपासणी मुलीच्या देहाची करायची, याला आम्ही नीचपणा म्हणतो. दुसरा शब्द आम्हाला माहीत नाही आणि शोधायचाही नाही.

पैसा नाही, ही सबब तर कोणी तोंडातून काढूच नये. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी नऊ टक्क्यांहून अधिक आहेत आणि त्या प्रमाणात निधी वेगळा काढण्याचे धोरण सुखटणकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून चालत आले आहे. पैसा निघतो, तो वाटेत गळतो. २००४ ते २००९ या काळातील आदिवासी विकासाच्या योजनांत काय घडले, हे शोधण्यासाठी उच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१७ साली सरकारला मिळाला. मग त्या अहवालाचा अभ्यास करायला आणखी एक समिती! चोराच्या पाठीमागे धावण्याऐवजी त्याच्या पावलांचे ठसे मोजत बसण्याचा हा प्रकार आहे. खरेदीत खातात म्हणून साबण-तेल-गणवेशाचे पैसे बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आणली. पण ज्या आईबापांना ते पैसे काढायला एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या बँकेत हेलपाटे घालावे लागतात, त्यांच्या सोयीचा विचार कोणी केला नाही. आदिवासी वसतिगृहांतल्या जेवणाचेही पैसे हातात टेकवून खानावळी बंद करायला निघालात, तेव्हा २०१८ च्या जुलैत मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. ती शिजवलेले अन्न मागत होती; तुम्ही त्यांच्यापुढे पोलीस उभे केलेत.

आणि अन्नाचा घाऊक कारखाना उभारून प्रश्न सुटला असे ज्यांना वाटत होते, त्यांनी २०२४ च्या ऑगस्टकडे पाहावे. डहाणू आदिवासी विकास प्रकल्पातील अनेक आश्रमशाळांतल्या दोनशेहून अधिक मुलांना एकाच वेळी विषबाधा झाली. जेवण आले होते कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून. मैलोन्‌मैल गाडीतून आलेले अन्न मुलांच्या ताटात पडण्याआधी कोणी चाखले, त्याचे नाव कुठे लिहिले जाते? गावातल्याच बायांना रोजगार देऊन शाळेच्या चुलीवर ताजी भाकरी आणि नागलीची आंबील शिजवणे या राज्याला अशक्य आहे काय?

शिकवणाऱ्यांची गतही तीच. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबवलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना दूर सारून सतराशेहून अधिक पदे बाहेरच्या कंपनीमार्फत भरण्याचे २०२५ साली ठरले आणि ती माणसे बिऱ्हाड घेऊन नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर रस्त्यावर बसली. भामरागडचे माडिया पोर, मेळघाटातले कोरकू पोर, धडगावचे पावरी बोलणारे पोर ज्याच्याकडे पोट दुखते म्हणून सांगायला जाईल, तो माणूस दर वर्षी कंत्राट बदलले की बदलणार! मुलाची बोली कळणारा, त्याच्या गावाची वाट माहीत असलेला, रात्री उशाशी बसणारा माणूस कंत्राटातून येत नसतो.

या सगळ्यावर खात्याची ठरलेली उत्तरे आहेत. पालक मुलाला आजारी अवस्थेतच सुट्टीवरून परत आणतात. ते आधी भगताकडे नेतात. मूल घरी गेल्यावर वारले, शाळेत नाही. ही उत्तरे आम्ही मुळासकट नाकारतो. आजारी मूल आले तर दारातच ते तपासायला डॉक्टर का नव्हता? पालक भगताकडे जातात, कारण भगत घरी सापडतो आणि सरकारी डॉक्टर सापडत नाही. आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या बापाला बोलावून त्याला घरी धाडायचे, म्हणजे मृत्यूची नोंद आपल्या दप्तरी नको, ही चाल आता डोंगरातल्या प्रत्येक पाड्याला ठाऊक झाली आहे.

मग आश्रमशाळाच बंद करा, असे सांगणारे शहाणेही निघाले आहेत. त्यांनी दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर जावे. अर्धी घरे कुलूपबंद दिसतील. माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, नंदुरबारची गुजरातेत उसाच्या फडावर. आश्रमशाळा नसेल तर ती मुले विटाच वाहतील. आज राज्यात हजाराहून अधिक आश्रमशाळांत चार लाखांच्या आसपास मुले आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या घराण्यात पाटीला हात लावणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून आमची मागणी या शाळा माणसांच्या करा, ही आहे.

महाराष्ट्राला हे शिकवायला परदेशातून कोणी आणावा लागणार नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि त्या पंगतीत खंड पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांच्यापाशी खाते नव्हते, आयुक्तालय नव्हते, कोट्यवधींचा अर्थसंकल्प नव्हता. दुसऱ्याचे मूल सांभाळायला घेतले की ते आपले, एवढेच त्यांना कळत होते. त्यांच्या तसबिरी कार्यालयात लावून त्यांच्याखाली बसून फायली अडवणाऱ्यांना त्या तसबिरींचा अधिकार नाही.

आता मागण्या ऐका. आश्रमशाळेतला प्रत्येक मृत्यू, मग तो शाळेत होवो, घरी होवो वा वाटेत, चोवीस तासांत जाहीर झाला पाहिजे. त्याची चौकशी खात्याबाहेरच्या न्यायाधीशाने आणि डॉक्टराने करून तिची प्रत आईबापांना त्यांच्या हातात, त्यांना कळेल अशा भाषेत दिली पाहिजे. येत्या पावसाळ्याआधी एकही मूल फरशीवर झोपता कामा नये. प्रत्येक शाळेला परिचारिका आणि रात्री उभी राहणारी गाडी द्या. अधीक्षक आणि अधीक्षिकांची सारी पदे कायमची भरा आणि त्यांना मुलांची बोली येते की नाही हे आधी पाहा. साळुंखे आणि गायकवाड समित्यांच्या शिफारशींवर काय केले, ते कलमवार विधिमंडळात मांडा. पुरवठ्याच्या बिलावर पालकांच्या समितीची सही असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि मूल निष्काळजीपणाने गेले असे ठरले, तर सानुग्रह अनुदानाचा धनादेश देऊन फाईल बंद करू नका; जबाबदार अधिकाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवा, मग तो कितीही वरचा असो.

दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची विशेष काळजी राज्याने घ्यावी, असे राज्यघटनेचे ४६ वे कलम सांगते. ती काळजी घेता येत नसेल तर तसे उघड सांगा. पण पालक म्हणून मिरवायचे आणि पोरे मरू द्यायची, हे यापुढे चालणार नाही. आपले मूल धडधाकट परत मागण्याचा हक्क प्रत्येक आदिवासी बापाला आहे. ते परत देण्याची ताकद ज्याच्या अंगात नसेल, त्या मंत्र्याने, त्या सचिवाने आणि त्या आयुक्ताने आजच खुर्ची खाली करावी!