न्यायालयांतील जुने कागद व आपलें घराणें

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. नवा कज्जा उकरून काढण्याविषयीं ही शिकवण योग्यच होय. परंतु निकालांत निघालेल्या कज्ज्यांचे कागदहि कुलाला कलंक समजून माळ्यावर टाकावे व वाळवीच्या स्वाधीन करावे, हें आम्हांस मान्य नाहीं. घराण्याचा इतिहास जाणूं इच्छिणारास यांसारखें साधन विरळा.

नांदगांवीं खंडेश्वराचें मंदिर कित्येक शतकें उभें आहे; पण त्याच्या छायेंत नांदलेल्या घराण्यांपैकीं किती जणांस चार पिढ्यांपलीकडची वंशावळ सांगतां येईल? आणि सांगितलीच, तर तींत बहुधा पुरुषांचींच नांवें! न्यायालयाच्या दप्तरांत मात्र विधवेचा पोटगीचा दावा, दत्तकाविषयीं भाऊबंदांचा तंटा, शेताच्या वांटणीचा हुकूमनामा असे कागद असतात. त्यांत पणजीचें नांव, क्वचित् तिची जबानीहि सांपडते. विधवेस पतीच्या मिळकतींत हिस्सा देणारा कायदा १९३७ सालीं झाला. तत्पूर्वीं अन्नवस्त्रासाठींहि कित्येकींस न्यायाधीशापुढें उभें राहावें लागे. वंशावळींत जिला जागा मिळाली नाहीं, ती तेथें बोलते.

तथापि कागदांतील सर्वच सत्य नव्हे. वादी आपल्या सोयीचें सांगतो, प्रतिवादी आपल्या. १८७२ च्या पुरावा कायद्यानें नात्यासंबंधीं मृत माणसाचें म्हणणें ग्राह्य धरलें, पण तें वाद उपस्थित होण्यापूर्वींचें असावें, अशी अट घातली. २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि ती अट आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं हाच विवेक बाळगावा: दावा वाचल्यावर कैफियत वाचावी, आणि मगच आपलें मत बनवावें.

शोध घरापासूनच सुरू करावा. पक्षकारांचीं नांवें, गांव, साल व दाव्याचा नंबर मिळाल्यास न्यायालयांत नकलेसाठीं अर्ज करतां येतो. मूळ दाव्याकरितां जिल्ह्यांतील दिवाणी न्यायालयांकडे, व अपिलाकरितां नागपुराकडे वळावें. तेथें १९३६ सालीं उच्च न्यायालय स्थापन झालें, व आज मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे. जुने कागद मोडींत असल्यास ती लिपि शिकावी. थोड्या महिन्यांच्या अभ्यासानें ती साध्य होते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, विलंब करूं नये. मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची मुभा न्यायालयांस १९१७ च्या कायद्यानें दिलेली आहे. म्हणून आपल्या माळ्यावरील बासनांत असलेली नक्कल कदाचित् जगांत एकटीच उरली असेल. ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार मुलांच्या हातीं द्यावी.