घसा का खवखवतो?

बीए झालो आणि लगेच शाळेत चिकटलो, त्यामुळे पीजी करायचं राहूनच गेलं. ते आता सत्तरीत भाच्याने करून घेतलं! त्याच्या भाषेत पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन. या दोन्हीत थोडं निकोटिन आणि स्वाद मिसळला की व्हेपमध्ये घालायचं द्रव तयार होतं. भाचा लेस्टरला असतो, तिथे हे घरी बनवायला मुभा आहे. (आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, सगळ्यालाच बंदी आहे. तेव्हा इथल्या कुणी हा उद्योग करू नये.)

त्याचे वडील सिगारेटपायी गेले. म्हणून त्याने स्वतःची वीस वर्षांची सिगारेट सोडून व्हेप धरलं, तेव्हा मी नाक मुरडलं नाही. पण गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, घरी बनवलेलं ओढलं की घसा खरवडून निघतो. असंच राहिलं तर परत पाकीट आणीन." या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली.

उपाय त्याने आधीच ठरवला होता. भरपूर मेंथॉल घालायचं, म्हणजे घसा गार! त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा सल्ला तर त्याहून वरताण: निलगिरी तेलाचे दोन थेंब. ती हे वाचणार आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. बाई, तेल फुफ्फुसात जाता कामा नये. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना मोठी इजा झाली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसं दगावली. त्यात मुख्य संशय होता तो व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थावर. तो बहुतांशी गांजाच्या अर्कात मिसळलेला होता हे खरं, पण आपण कशाला त्या वाटेला जा?

माझं म्हणणं एवढंच, की खवखव दाबायची नाही, शोधायची. गणित चुकलं तर आम्ही पोराला उत्तर खोडायला सांगत नसू, पायऱ्या दाखव म्हणायचो.

पहिली पायरी कॉइल. समईतलं तेल संपलं की वात जळते, तसंच तिथे कापूस कोरडा पडला किंवा उष्णता जास्त झाली की जळका धूर येतो, आणि तो नुसता बेचव नव्हे, घातक असतो. म्हणून त्याच कॉइलवर दुकानातलं नेहमीचं द्रव ओढून बघ म्हटलं. ते ठीक लागलं. मग स्वाद. दालचिनी, लिंबू यांचे अर्क घशाला झोंबतात. म्हणून थोडं द्रव स्वाद न घालता बनवायला लावलं. तेही खरवडलं! राहिलं पीजी आणि निकोटिन. पीजीही घशाला लागतं, पण त्याच्याकडे ते ३० टक्केच होतं. निकोटिन जुनं होऊन तपकिरी पडलं तरी तिखट होतं, पण त्याची बाटली नवी होती.

"निकोटिन किती घातलंस?" बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "एकाने भागेना, म्हणून दोन बाटल्या." दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमच्या, १० मिलिलिटरच्या दोन. म्हणजे ३६० मिलिग्रॅम, ६० मिलिलिटरमध्ये. भागिले की ६. दुकानातलं होतं ३ चं. घसा बिचारा बरोबरच सांगत होता!

इथेच माझा त्या गुळगुळीत निकोटिन सॉल्टवर राग आहे. त्यात बेन्झॉइक आम्लासारखं आम्ल मिसळून निकोटिनची धार मारतात, मग कितीही ओढलं तरी घसा हूं की चूं करत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल आलं ते ५ टक्के निकोटिन घेऊन, आणि २०१८ मध्ये तिथे शाळकरी पोरांच्या व्हेपिंगला सरकारच साथ म्हणू लागलं. शाळेत उभा जन्म गेला, त्यामुळे हे मला जास्त लागतं. नुकतीच सिगारेट सोडलेल्या माणसाला अशा सॉल्टचा आधार होत असेल, नाही म्हणत नाही. पण भाच्याला तर निकोटिन उतरवायचंय. त्याचा घसा बोलता राहिलेलाच बरा.

उरलेल्या ४० मिलिलिटरमध्ये तेवढंच बिननिकोटिनचं मिश्रण घालायला सांगितलं. ६ चे झाले ३. हातमोजे घाल, बाटल्या मुलीच्या हाताला लागू देऊ नकोस, हेही दहा वेळा बजावलं, कारण निकोटिन कातडीतूनही आत जातं.

रविवारी फोन आला. घसा ठीक आहे, पाकीट आणलेलं नाही. पण स्वादही निम्मा झाल्यामुळे पाणचट लागतं म्हणे.

लागू दे.