'सा'ची डेडलाइन

परवा पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला. "काय गं, झालीस का विशारद?" मी म्हटलं, "अगं, अजून 'सा'च चाललाय." ती खो खो हसली. मी नाही हसले. कारण तो 'सा' गेले सात महिने चाललाय!

तर मंडळी, कबुली देऊन टाकते. अठ्ठाविसाव्या वर्षी मी जालन्यात शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जाते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, स्कूटी काढायची आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून थेट जुना जालना. शेजारी बसतात चौथी-पाचवीतली पोरं. ती मला 'ताई' म्हणतात आणि माझ्या आधी समेवर येतात.

शाळेत गॅदरिंग गाजवलेली, पिकनिकला अंताक्षरीची क्वीन असलेली मी. आपला गळा बरा आहे, असा समज होता. बाईंनी पहिल्याच दिवशी पेटी बंद केली. "आता नुसत्या तानपुऱ्यावर लाव." संपलं! पेटी बोट धरून चालवते. बोट सुटलं की कळतं, आपण किती लंगडतोय. 'सा' लागतो छान, पण श्वास संपत आला की हळूच खाली घसरतो. गंमत म्हणजे गाताना ते ऐकूच येत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, तेव्हा कळलं. (ते रेकॉर्डिंग डिलीट केलंय, मागू नका.)

पेटीवरून आठवलं. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. स्वर जागच्या जागी ठोकलेले, मींड निघत नाही, असा आक्षेप. बंदी उठायला १९७१ उजाडलं! आणि त्याच पेटीवर भीमसेनजींसारख्या दिग्गजांना साथ करणारे पं. आप्पा जळगावकर आपल्या जालन्याचे. त्यांनीही आधी धृपद-धमार गायकी शिकली, पेटी नंतर. २००९ मध्ये ते गेले. आमच्या अर्ध्या जालन्याला हे ठाऊक नाही. मलाही नव्हतं, क्लासला जाईपर्यंत.

असो. भूप कसाबसा पार पडला, पाचच स्वर! मग आला यमन. त्यातला मध्यम तीव्र, माझा सवयीने शुद्धच लागायचा. त्यात आरोहात 'सा' आणि 'प' बऱ्याचदा गाळून जायचं. म्हणजे जिथे पाय टेकवायचा तीच पायरी गायब. हाताने तीनतालाच्या सोळा मात्रा, तोंडाने सरगम, डोक्यात उद्याचा राहिलेला लेख. फ्रीलान्सरचं डोकं रिकामं कधी असतं?

पाचव्या महिन्यात सोडायचं ठरवलं होतं. फी वाया, वेळ वाया, वर खालच्या मजल्यावरच्या काकूंचं "बरं नाही का गं तुला?" त्या दिवशी शेवटचं म्हणून यमन घेऊन बसले. मध्यम पुन्हा चुकला. आणि स्वयंपाकघरातून बरोबर मध्यम आला.

आई गात होती. हातात लाटणं.

आरती सोडली तर आईला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाआधी तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या होत्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत. पुढे मध्यमा द्यायची होती. मग लग्न, मग मी, मग दादाची शाळा. "सांगितलं का नाहीस कधी?" विचारलं तर म्हणाली, "तू विचारलंस कधी?"

क्लास सोडला नाही. उन्हाळ्यात 'प्रारंभिक'ला बसतेय, त्याच पोरांसोबत. रात्री जेवणं झाली की आई समोर बसते, डोळे मिटून ऐकते आणि घसरलं की नुसती भुवई उचलते. बाई परवडल्या!

काल फॉर्म भरत होते. आई भाजी निवडता निवडता मान न उचलता म्हणाली, "बाईंकडे मोठ्यांची बॅच किती वाजता असते गं?"